मदत हवी आहे: लो-कार्ब मिनी चॉकलेट डोनट साच्यातच तुटतात, दुसऱ्या दिवशी कचकच लागतात

चांदणचुरा

मैदा, साखर, गूळ, खजूर यांतलं काहीही न घालता ओव्हनमध्ये भाजलेले छोटे चॉकलेट डोनट करायचे आहेत. खाणाऱ्यांत मधुमेही आहेत, त्यामुळे कार्ब खरोखरच कमी हवेत.

सध्याचं प्रमाण: बदामाचं पीठ १२० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, दाणेदार एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) ८० ग्रॅम, लोणी ८० ग्रॅम, अंडी २, दूध ३० मिली, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून. ओटीजी, १८० अंश, १५ मिनिटं, १२ खणांचा सिलिकॉनचा साचा.

अडचणी अशा: ओव्हनमध्ये छान फुगतात आणि बाहेर काढताच खचतात. तळाला तेल सुटतं. साच्यातून काढताना मधल्या खुंटीपाशी तुटतात. दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच येते आणि जिभेला पेपरमिंटसारखा गारवा लागतो. वरच्या लेपासाठी शुगर-फ्री चॉकलेट वितळवून त्यात चमचाभर दूध घातलं की त्याचा गोळा होतो. नेमकं काय बदलू?

कोकोबटर

आधी स्निग्धाचा हिशोब बघा. बदामात वजनाच्या निम्मं तेल असतं. म्हणजे १२० ग्रॅम पिठातच ६० ग्रॅम तेल आलं, वर ८० ग्रॅम लोणी. तळाला तेल सुटणारच.

आता खचण्याबद्दल. मैद्यात ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) आणि स्टार्च मिळून हवा धरून ठेवतात. इथे दोन्ही नाहीत, सगळा भार अंड्यातल्या प्रथिनांवर. दोन टीस्पून पावडर आणि वर सोडा घातल्यावर घोळ भराभर फुगतो, अंडं शिजून घट्ट व्हायच्या आत बुडबुडे फुटतात आणि डोनट बसतो. सोडा तर पूर्ण काढाच. घोळात आंबट काही नसेल तर तो साबणासारखी चव तेवढी देतो.

माझं प्रमाण, १५ ते १६ मिनी डोनटचं: बदामाचं पीठ १०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल ४५ ग्रॅम, स्टीव्हियाचे ६-७ थेंब, इसबगोलाची बारीक पूड १ टीस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून सपाट, मीठ चिमूटभर, अंडी २ (फ्रिजमधली थंड नकोत), लोणी ३५ ग्रॅम, घट्ट दही ४० ग्रॅम, व्हॅनिला १ टीस्पून, इन्स्टंट कॉफी अर्धा टीस्पून.

लोणी वितळवून गरम असतानाच त्यात कोको आणि कॉफी कालवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. कोकोचा वास खुलतो आणि अंड्याचा उग्रपणा झाकला जातो. अंडी, दही आणि एरिथ्रिटॉल दोन मिनिटं फेटा, त्यात कोमट झालेलं कोको-लोणी घाला, मग कोरडे जिन्नस चाळून घाला. इथे ग्लूटेनच नाही, त्यामुळे जास्त ढवळलं म्हणून चिवट व्हायची भीती नाही. नंतर घोळ दहा मिनिटं झाकून ठेवायचाच. इसबगोल पाणी ओढतो आणि घोळ इडलीच्या पिठाहून थोडा दाट होतो. तुटण्यावर हाच उपाय.

पायपिंग बॅगेने (किंवा दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून) खण दोन-तृतीयांश भरा. काठोकाठ भरलं तर खुंटी झाकली जाते आणि मधलं भोक बुजतं. खुंटीला तूप लावायला विसरू नका. सिलिकॉन चिकटत नाही असं कितीही म्हटलं तरी तिथे चिकटतं.

१७० अंश, आधी तापवलेला ओव्हन, १० ते १२ मिनिटं. रंगावर जाऊ नका, कोकोमुळे करपलेलंही दिसत नाही. नवव्या मिनिटानंतरच दार उघडा आणि बोटाने हलकं दाबा. खड्डा भरून आला की काढा. टूथपिक पूर्ण कोरडी येईपर्यंत थांबलात तर सुके ठणठणीत होतील. बाहेर काढल्यावर साच्यातच १५ मिनिटं राहू द्या. गरम असताना बदामाचा केक ठिसूळच असतो, गार झाल्यावर धरतो.

पाटावरवंटा

कोकोबटर यांनी गारव्याचं कारण सांगितलं नाही, ते मी सांगते. एरिथ्रिटॉल विरघळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून जीभ गार पडते. साखरेच्या मानाने ते पाण्यात फारच कमी विरघळतं, त्यामुळे डोनट थंड झाले, त्यातही फ्रिजमध्ये ठेवले, की पुन्हा त्याचे खडे धरतात. शिवाय साखरेसारखा ओलावा ते धरून ठेवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी कोरडेपणाही येतो. गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के असते, म्हणून लोक जास्त घालतात आणि त्रास वाढवून घेतात. प्रमाण कमी करून उरलेली गोडी स्टीव्हियाने भरणं बरोबर, पण दहा थेंबांपुढे गेलात तर कडवट चव मागे राहते. एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेइतकं बारीक करा, आणि झाकण लगेच उघडू नका, नाकात जातं.

घरी बदाम दळणार असाल तर: गरम पाण्यात पाच मिनिटं, साल काढायची, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवायचे. ओल राहिली किंवा मिक्सर सलग फिरवला की पिठाऐवजी लोणी होतं. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, चाळायचं, वरचा चाळ परत फिरवायचा. सालासकट पीठ चालतं, चॉकलेटमध्ये ठिपके दिसत नाहीत, पण थोडं रवाळ लागतं.

अनवट

दोन प्रश्न. अर्धं बदामाचं पीठ आणि अर्धी नाचणी घेतली तर? आणि अंडं न घालता जमेल का?

पाटावरवंटा

नाचणी चांगलीच, पण लो-कार्ब नाही. नाचणी, ज्वारी, ओट्स, तिन्हींत १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. बदामाच्या पिठात तंतू वगळून दहाच्या आत. स्वस्त पर्याय हवा असेल तर अर्ध्या प्रमाणात दाण्याचं कूट घ्या: दाणे अगदी हलके भाजायचे, साल पाखडायची, वरच्यासारखेच झटके देऊन दळायचं. कोको त्याचा वास बऱ्यापैकी दाबतो. फक्त डबा कुणाला द्यायचा असेल तर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना ते विचारा.

नारळाचं पीठ सरळ बदलीत घालू नका. ते बदामाच्या पिठाच्या कितीतरी पट ओल शोषतं, १०० ग्रॅमच्या जागी २५-३० ग्रॅमच लागतं आणि अंडंही वाढवावं लागतं. आणि दुकानातला सुक्या खोबऱ्याचा कीस म्हणजे नारळाचं पीठ नव्हे, त्यात तेल तसंच असतं.

कोकोबटर

अंड्याविना होतात, पण हलके होत नाहीत, ब्राउनीच्या वळणावर जातात. दोन अंड्यांऐवजी दही एकूण १२० ग्रॅम, इसबगोल पूड ३ टीस्पून, आणि आता सोडा पाव टीस्पून घाला, कारण दह्याचं आम्ल आहे. घोळ लगेच साच्यात भरा, अर्ध्या तासाने थापीने बसवावा लागेल. १६० अंशावर १६ ते १८ मिनिटं. साच्यातून मात्र पूर्ण गार झाल्यावरच काढा. नुसत्या जवसाच्या चिकाने बदामाचं पीठ धरलं जात नाही.

तळटीप

गोळा झालेल्या चॉकलेटबद्दल कुणीच बोललं नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर दूध किंवा पाणी गेलं की कोकोचे आणि साखरेचे सुके कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. ओल घालायची तर भरपूर, नाहीतर थेंबही नको. ६० ग्रॅमला दोन-तीन मोठे चमचे गरम साय-क्रीम घातलं तर गोळा झालेलं चॉकलेटही परत मऊ होतं.

लेप कडक हवा असेल तर ८५ टक्क्यांचं डार्क चॉकलेट ५० ग्रॅम आणि खोबरेल (खाद्य) ८ ग्रॅम, गरम पाण्यावरच्या कोरड्या भांड्यात वितळवा आणि डोनट उलटा बुडवा. खोबरेल २४ अंशाच्या आसपास वितळतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मुंबईत हा लेप बोटाला लागणार. तेव्हा खोबरेलाऐवजी कोको बटर घ्या.

शुगर-फ्री चॉकलेटचं वेष्टन उलटं करून घटकांच्या यादीतले आकडे बघा. ९६५ म्हणजे माल्टिटॉल, साखरेऐवजी घालतात तो आणखी एक गोड पदार्थ. त्याने रक्तातली साखर वाढते, साखरेपेक्षा कमी असली तरी वाढतेच, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं. ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ९६० स्टीव्हिया. ९६७ म्हणजे झायलिटॉल. ते घरात असेल तर कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याला ते विषारी आहे. ड्रिंकिंग चॉकलेट कोको म्हणून वापरू नका, त्यात बरीचशी साखरच असते.

एरिथ्रिटॉल म्हणजे कितीही खावं असं नाही. 'नेचर मेडिसिन'मध्ये २०२३ साली आलेल्या अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध दिसला होता. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. तरी ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चांदणचुरा

नेमकं हेच हवं होतं, आभार. आमच्या डब्यावर ९६५ च आहे. नव्या प्रमाणात एका डोनटला कार्ब किती पडतील? आणि टिकतात किती?

कोकोबटर

तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळून, लेपासकट दोन ग्रॅमच्या आसपास. चॉकलेटचा ब्रँड बदलला की आकडा हलतो, लेबल बघून तुमचा हिशोब करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आकड्यावर मात्रा ठरवू नये.

हवाबंद डब्यात बाहेर एक दिवस, उन्हाळ्यात तेवढंही नको. फ्रिजमध्ये चार दिवस, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. लेप न लावता फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात, लेप खायच्या दिवशी लावायचा.

अनवट

ओटीजी नसेल तर आप्पेपात्रात?

पाटावरवंटा

होतात, भोक तेवढं नसेल. बिडाचं पात्र असेल तर मंद आचेवर आधी तापवा, तूप लावा, खण अर्धेच भरा, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. वरचा भाग कोरडा दिसला की सुरीच्या टोकाने उलटा आणि दोन मिनिटं झाकण न ठेवता. आच मोठी केलीत तर खालून कोको करपेल आणि मध्ये घोळ राहील. पातळ पत्र्याचं नॉनस्टिक असेल तर खाली तवा ठेवा.