घरसभेत सगळ्यांना गायला कसं लावायचं?

कॅपोवाला:
सलाम मंडळी. आमच्या तरुण संघाची फेलोशिप दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरी असते, कॉलेजची पोरं, दोन-तीन काकू आणि एक आजोबा ज्यांना अख्खं उपासना संगीत, म्हणजे आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक, तोंडपाठ आहे. गाणी घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गिटार बरी वाजवतो, पण होतं काय की धृपद सगळे जोरात म्हणतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज गळत जातात, शेवटी मी आणि समोरची एक मुलगी, बाकीचे मोबाईलमध्ये लिरिक्स शोधतायत. मला परफॉर्म करायचं नाहीये हो, सगळ्यांनी गावं एवढंच. काय करू?

पेटीमास्तर:
आधी सांग पट्टी कुठली घेतोस? बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. यूट्यूबवरचा गायक त्याच्या गळ्याला झेपेल तिथून गातो, आपल्या काकूंनी का ताणायचं? गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोध, पेटी नसेल तर ट्यूनर ॲपवर, आणि तो पांढरी दोनच्या (म्हणजे डीच्या) वर जात असेल तर गाणं सरळ खाली आण. कॅपोने, म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायच्या चिमट्याने, पट्टी चढते, उतरत नाही, त्यामुळे डी मधलं जड जात असेल तर कॅपो काढून सी शेप धर. काळी एक (सी शार्प) हवी असेल तर त्याच सी शेपला पहिल्या फ्रेटवर कॅपो. बायका-पुरुष एकत्र म्हणजे कोणाला तरी थोडं अडचणीचं होणारच, ते चालायचंच.

नगरची_सून:
पट्टी ठीक आहे पण गाणी कुठली घेता? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं घ्या की. ते तुकोबांच्या अभंगांत मुरलेले, त्यांची रचना पुढच्याने ओळ टाकायची आणि मागच्यांनी झेलायची अशीच बसते, कागद लागतच नाही. माझे सासरे ओळ संपता संपता पुढच्या कडव्याचे पहिले दोन शब्द नुसते बोलतात, गात नाहीत, आणि सगळी खोली बरोबर उचलते. गिटार तेवढ्यापुरती हळू करा नाहीतर ते शब्द कोणाला ऐकूच जात नाहीत.

बेसुरा_पण_हौशी:
ताई, भजन मलाही आवडतं पण नुसती भजनं घेतली तर पोरं पुढच्या वेळी येणार नाहीत, खरं सांगतो. मिसळून घ्या. नवीन गाणं एका वेळी एकच, आणि तेच सलग काही आठवडे. अजून एक, तुमची मुलं इंग्लिश मीडियमची आहेत का? आमच्याकडे निम्म्यांना देवनागरी पटकन वाचताच येत नव्हतं, लाजेने नुसते ओठ हलवायचे. आता ग्रुपवर प्रत्येक गाणं दोन्ही लिप्यांत टाकतो.

कॅपोवाला:
अरे हो, हे डोक्यातच आलं नव्हतं, आमच्यातही तसे बरेच आहेत. आणि पहिलं गाणं आजोबांनाच उचलायला सांगतो, त्यांची ओळ झेलायला सगळ्यांना मजा येईल. फक्त ढोलकीचं काय? या वेळी फ्लॅटमध्ये आहे आणि खालचे लगेच वर येतात.

पेटीमास्तर:
ढोलकी राहू दे, खंजिरी घे आणि बोटांनी वाजव. टाळ्या दुसऱ्या गाण्यापासून.