ॲम्बेसेडर मार्क ३: स्लोवर थरथरते, वेगात मक्खन

खानापूर_रोड: मंडळी, १४८९ सीसी पेट्रोल, एसयू कार्बोरेटर. न्यूट्रलला, स्लोवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) इंजिन एवढं थरथरतं की स्टिअरिंगजवळचा गिअर लिव्हर नाचताना दिसतो. बेळगावात चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर बंदच पडते. साठच्या वर मात्र काही तक्रार नाही. ठिणगीचे पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे. मिस्त्री म्हणतात कार्बोरेटर बदला. बदलू काय?

फिलर_गेज: कार्बोरेटरला हात लावू नका. आधी कुठला सिलिंडर मेलाय ते बघा की. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, रबरी हातमोजा घालून एकेका प्लगची वायर काढा. टोक बॉडीला टेकवा, अधांतरी ठेवलं तर कॉइलवर ताण येतो. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर फिरवत गेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा: वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गळतात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह. २ आणि ३ दोन्ही पडले असतील तर त्यांच्या मधे हेड गॅस्केट फुंकलंय.

खानापूर_रोड: ४ नंबर मेलाय. ९० पाउंड, बाकीचे १३० च्या आसपास. ऑइलने फरक नाही. पण टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) टकटक आवाज अजिबात नाही, एकदम शांत आहे.

फिलर_गेज: शांत आहे तीच खूण! या हेडमधली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड, साध्या बिडाची. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तेव्हापासून एक्झॉस्ट सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि तो व त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्लोवर गळायला वेळ जास्त मिळतो म्हणून थरथर. वेगात तेवढा वेळच नसतो.

गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. नऊची बेरीज लक्षात ठेवा: पुढून १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ८ नंबरचा लावायचा, २ उघडा असताना ७ चा. तुमच्या ४ नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट म्हणजे शेवटचा, आठवा. फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलकी ओढ लागून सरकला पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळून झाल्यावर परत घाला. लावूनही कॉम्प्रेशन आलं नाही तर व्हॉल्व्ह जळलाय. हेड उतरवून उद्यमबागेतल्या चांगल्या मशीन शॉपमधून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. नुसतं ग्राइंडिंग करून घेतलं तर तीच सीट परत झिजणार.

जांबोटी_घाट: वरचं बरोबर आहे. टॅपेटचा गॅप लावून झाल्यावरच पुढचं बघा. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.६. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवा हलत असेल तर नवे पॉइंटसुद्धा टिकत नाहीत. इनलेट मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर आणि कार्बोरेटरमधल्या थ्रॉटल स्पिंडलच्या टोकांवर बाटलीतून पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर तिथून हवा खेचते. पेट्रोल किंवा क्लीनर मारू नका, खालीच तापलेला एक्झॉस्ट आहे.

आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आतून सुटतात. ते बदलल्याशिवाय कार्बोरेटरचा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) नट फिरवू नका.