शब्दचर्चा: ‘डिव्होटेड फादर अँड ग्रँडफादर’ला पेपरातल्या स्मरणात मराठीत काय म्हणावं?

खामल्याहून: प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात नागपूरच्या पेपरात द्यायची आहे. परदेशातल्या नातेवाइकांनी मजकूर इंग्रजीत पाठवलाय, त्यात वरचे शब्द आहेत. फोनवरच्या भाषांतरात ‘समर्पित वडील आणि आजोबा’ असं येतं. कुठेतरी खटकतं, पण का ते सांगता येत नाही. ‘एकनिष्ठ’ चालेल का? मजकुरातलं आणखी काही चुकत असेल तर तेही सांगा: ‘कै. ——, समर्पित वडील आणि आजोबा, आपल्या मागे दोन मुले, एक मुलगी आणि पाच नातू-नाती सोडून गेले. मृतात्म्यास भावपूर्ण श्रध्दांजली.’

मुद्रितशोधक: खटकतं कारण ‘समर्पित’ माणूस कामाला, पक्षाला, देवाला वाहिलेला असतो. ‘समर्पित कार्यकर्ता’ म्हणतात, पुस्तकही समर्पित असतं. पोरांना कोणी समर्पित नसतो. ‘एकनिष्ठ’ त्याहून वाईट. एकनिष्ठ राहायचं ते नेत्याशी, धन्याशी, जोडीदाराशी. ‘एकनिष्ठ वडील’ वाचलं की दुसरे कुठले वडील एकनिष्ठ नव्हते, असा प्रश्न पडतो.

पेपरात रुळलेला शब्द ‘कुटुंबवत्सल’. वत्स म्हणजे वासरू. गाईची वासराकडे जी ओढ ती वत्सलता. म्हणून या शब्दाला उतार आहे, तो मोठ्याकडून लहानाकडे वाहतो. देव भक्तवत्सल असतो, भक्त देववत्सल नसतो. मुलाचं बापावरचं प्रेम दाखवायचं तर ‘पितृभक्त’. जाहिरात वडिलांची आहे, तेव्हा उताराची दिशा बरोबर बसते.

बर्डीवाला: ‘कुटुंब’ म्हणजे जुन्या मराठीत बायको, हे विसरू नका. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणणाऱ्या पिढीत कुटुंबवत्सलचा अर्थ भलताच लागला असता :)

मुद्रितशोधक: खरं आहे, पण आता तो अर्थ थट्टेपुरताच उरलाय. ‘कुटुंबवत्सल’ची खरी अडचण वेगळी. दर दुसऱ्या जाहिरातीत ‘मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, कर्तव्यदक्ष’ ही तीन मंडळी हातात हात घालून येतात. डोळा थांबतच नाही.

धंतोली: थोडं पुढे जाऊ. बाप आणि आजोबा यांच्या मायेसाठी मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत, तिथे नेमकेपणा मिळतो.

‘लळा’ लहानाच्या बाजूचा. लळा लागतो तो पोराला, वासराला, मांजराला. आजोबा लळा *लावतात*. म्हणून ‘आजोबांना नातवंडांचा लळा होता’ हे उलटं झालं, ‘नातवंडांना त्यांचा लळा होता’ हे सुलटं. ‘जीव लावणे’ दोन्हीकडून चालतं. ‘जीव ओवाळून टाकणे’ही तसंच. ‘माया करणे’ घरगुती आणि वडिलांना उत्तम शोभणारं. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरात काही जण ‘माया’ टाळतात, पैशाचा किंवा भ्रमाचा वास येतो म्हणून. मराठीत ‘मायाळू’मध्ये तसा वास अजिबात नाही, बिनधास्त वापरा.

‘वात्सल्य’ हे नाम वाचकाच्या मनात आधी आई आणतं. वडिलांसाठी ‘वत्सल’ हे विशेषण चालतं, ‘वात्सल्यमूर्ती’ लिहिलं की आईची जाहिरात वाटते. आणि आजोबांचा भाग वेगळा काढायचाच असेल तर आपल्याकडे ‘दुधावरची साय’ आहेच. लेकरं दूध, नातवंडं साय. एवढ्यात दोन्ही नाती येतात.

खामल्याहून: ‘बापमाणूस’ कसा वाटतो? हल्ली फलकांवर दिसतो.

धंतोली: तो दराऱ्याचा, कर्तबगारीचा शब्द आहे. माणूस मोठा होता हे सांगतो, पोरांवर माया करत होता हे सांगत नाही. ‘आधारवड कोसळला’ आणि ‘आम्ही पोरके झालो’ हेही टाळा. पन्नाशीच्या, स्वतः सासरे झालेल्या मुलांच्या नावाखाली ‘पोरके’ छापून आलं की वाचणारा ओठ दाबतो. ‘पितृछत्र हरपले’ ठीक आहे, पण तो गेल्याच्या आठवड्यातला शब्द. वर्षानंतरच्या पुण्यस्मरणात बसत नाही.

बर्डीवाला: आता ‘आजोबा’ या शब्दाचं बघा. घरात ‘आबाजी’ म्हणत असतील तर पेपरातही आबाजीच छापा. इकडे आबाजी म्हणजे आजोबा हे सांगावं लागत नाही. वऱ्हाडाकडे ‘आजा’ही म्हणतात, पण तो बोलण्यातलाच ठेवा. छापलं की पुण्यामुंबईच्या सोयऱ्याला उद्धट वाटेल.

‘पाच नातू-नाती’ तर नक्की बदला. हिंदीत ‘नाती’ म्हणजे मुलीचा मुलगा आणि मुलाचा मुलगा ‘पोता’. मराठीत नातू दोन्हीकडचा, नात दोन्हीकडची, आणि ‘नाती’ हे नातचं अनेकवचन. शिवाय नातंचंही अनेकवचन नातीच! नागपुरात निम्मे सोयरे हिंदीत वाचणारे, ते पाच दौहित्र मोजून मोकळे होतील. ‘पाच नातवंडे’ लिहा, भांडणच नको. पुढची पिढी असेल तर ‘पतवंडे’. ‘पणतवंडे’ही छापलेलं पाहिलंय, पण रुळलेला शब्द ‘पतवंडे’. एकेकटे असतील तर पणतू आणि पणती.

‘दोन मुले, एक मुलगी’ हेही सैल आहे. ‘मुले’मध्ये मुलगेही येतात आणि मुलीही. ‘दोन मुलगे’ लिहा. सुना-जावई गाळू नका. विस्मरणाची तक्रार पहिली तिकडूनच येते. क्रम असा रुळलेला आहे: पत्नी, मुलगे, सुना, मुलगी, जावई, नातवंडे, पतवंडे.

मुद्रितशोधक: ‘सोडून गेले’ काढा. मराठीत बायकापोरांना सोडून जाणारा वेगळा माणूस असतो. ‘त्यांच्या मागे ... असा बराच मोठा आप्तपरिवार आहे’ ही आपल्याकडच्या निधनवार्तेची ठरलेली वाक्यरचना, आणि चांगली आहे. ‘त्यांच्या पश्चात’ही चालेल. आप्त म्हणजे नातलग. ‘आप्तेष्ट’मध्ये आप्त अधिक इष्ट, म्हणजे मित्रही आले. ‘आप्तेष्ट व मित्रमंडळी’ लिहिलं की मित्र दोनदा आले.

पण हे सगळं निधनवार्तेचं. पुण्यस्मरणात मागे कोण आहे याची मोजदाद सहसा देत नाहीत, खाली ‘समस्त —— परिवार’ एवढं पुरतं. जागाही नाही. दर चौरस सेंटीमीटरने लागतो. दोन कॉलम म्हणजे साधारण ८ सेंमी रुंदी, त्यात १० सेंमी उंची घेतली तर ८० चौ. सेंमी. फोटो आणि नाव त्यातली अर्धी जागा खातात. उरलेल्यात ४०-४५ शब्दांच्या वर गेलं की टाइप बारीक करतात, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी वाचायचं त्यांनाच वाचता येत नाही.

शुद्धलेखन: ‘श्रध्दांजली’ नाही, ‘श्रद्धांजली’. आधी द, मग ध. टाइप करताना द, हलन्त, ध असाच क्रम हवा. उलट केलं तरी पडद्यावर घाईत कळत नाही, छापल्यावर मोठ्या ठशात ठसठशीत दिसतं. ‘स्मृती’ एकटी असेल तर दीर्घ, समासात पहिलं पद झाली की ऱ्हस्व: स्मृतिदिन, स्मृतिप्रीत्यर्थ. ‘प्रीत्यर्थ’मधला प्री दीर्घ. शाळेला काही देणगी देणार असाल तर हा शब्द फलकावर कोरला जातो, तेव्हा आधीच बघा.

आणि ‘मृतात्मा’! आत्मा मरत नाही म्हणणाऱ्या धर्माच्याच लोकांनी हा शब्द रूढ केला, याची गंमत वाटते. रूढ आहे हे मान्य. तरी ‘त्यांच्या स्मृतीस’ लिहिलं तर काय बिघडतं?

इंदोरा: ‘कै.’बद्दल कोणीच बोललं नाही. कैलासवासी म्हणजे शिवाच्या घरी. वारकरी म्हणूनच ‘वै.’ लावतात, वैकुंठवासी. ‘स्व.’ स्वर्गाचा. बौद्ध कुटुंबात यातलं काहीच लावत नाहीत, ‘कालकथित’ लिहितात. हा शब्द संस्कृतातून सोडवायला गेलं तर ‘काळाने सांगितलेला’ असं काहीतरी विचित्र हाती येतं. पालीत ‘कालं करोति’ म्हणजे मरण पावतो आणि ‘कालकत’ म्हणजे मरण पावलेला. त्यावरूनच तो मराठीत रुळताना ‘कथित’ झालेला दिसतो. कार्यक्रमालाही तेरवी म्हणत नाहीत, ‘पुण्यानुमोदन’ किंवा ‘जलदान विधी’ म्हणतात. ‘महापरिनिर्वाण’ मात्र कुठल्याही घरच्या माणसासाठी वापरू नये. तो बुद्धांचा शब्द, आणि ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांचा.

खामल्याहून: मग सगळ्यांना चालेल असा ‘दिवंगत’ घेऊ का?

इंदोरा: वापरात तो तटस्थ झालाय खरा. व्युत्पत्तीने नाही. ‘दिवं गत’ म्हणजे द्युलोकी, स्वर्गात गेलेला. ‘स्व.’ला मागच्या दाराने आणल्यासारखं झालं. स्वर्ग, कैलास, वैकुंठ सगळंच बाजूला ठेवायचं तर ‘स्मृतिशेष’ आहे: ज्याची आता स्मृती तेवढी शेष आहे तो. नामशेष, कीर्तिशेष याच घडणीचे. कीर्तिशेष कलावंताला, पुढाऱ्याला शोभतो. घरच्या माणसाला स्मृतिशेष बरा.

धंतोली: सहमत. त्यांच्या पत्नी हयात असतील आणि ‘कै.’च हवं म्हणाल्या तर मात्र कैच लावा, व्युत्पत्ती काढून त्यांच्याशी वाद घालू नका.

बर्डीवाला: बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द. इकडे ‘तेरवी’, स्त्रीलिंगी. पश्चिम महाराष्ट्रात ‘तेरावा’. ‘तेरवी व गंगापूजन’ एकत्र छापतात. अस्थी ‘शिरवायच्या’, म्हणजे विसर्जित करायच्या असतात, गणपतीसारख्याच. हिंदीतल्या ‘सिराना’चा भाऊ. रामटेकच्या अंबाळा तलावावर नेतात. आणि ‘घाट’ म्हणजे स्मशान! अंबाझरी घाट, मोक्षधाम घाट, गंगाबाई घाट, मानेवाडा घाट. ‘११ वाजता घाटावर’ वाचून पुण्याचा माणूस खंडाळ्याकडे बघतो.

मुद्रितशोधक: जाहिरातीच्या तारखेचं एक. ‘पुण्यस्मरण’ हा शब्द तारखेलाही चालतो, तिथीलाही. ‘वर्षश्राद्ध’ मात्र तिथीचंच. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून पुढच्या वर्षी तिथी साधारण ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला तर उलट १८-१९ दिवस उशिरा. २०२३ला अधिक श्रावण होता (१८ जुलै ते १६ ऑगस्ट). त्या मार्चमध्ये गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध २०२४ मध्ये तारखेनंतर जवळपास अडीच आठवड्यांनी आलं. जाहिरात तारखेला आणि खाली ‘आज घरी कार्यक्रम’ असं छापलं तर पाहुणे चुकीच्या दिवशी दारात. ‘आज’, ‘उद्या’ लिहूच नका, वार आणि तारीख लिहा. आणि मोजणी: गेले ते साल शून्य. २०२४ला गेले तर प्रथम २०२५ला, द्वितीय २०२६ला. गेले तेच साल ‘पहिलं’ मोजायची चूक पुढे दरवर्षी चालत राहते.

खामल्याहून: सगळं धरून असं केलंय:

‘प्रथम पुण्यस्मरण. स्मृतिशेष ——. मुलांवर आयुष्यभर माया केली. नातवंडे म्हणजे त्यांची दुधावरची साय. संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढून भरवणाऱ्या आबाजीच्या स्मृतीस भावपूर्ण श्रद्धांजली. समस्त —— परिवार.’

धंतोली: संत्र्याचं वाक्य ठेवाच, ‘डिव्होटेड’ तिथे आलं. त्यापुढे ‘आयुष्यभर माया केली’ची गरज उरत नाही, पण मुलांचा उल्लेख हवा म्हणून राहू द्या. ‘कुटुंबवत्सल’ नाही घातलंत हे बरं.

मुद्रितशोधक: एक अनुस्वार राहिला. ‘आबाजींच्या’ हवं, ‘आबाजीच्या’ नाही. आपल्याकडे बोलताना ‘बाबाचं’, ‘आबाजीचं’ असंच म्हणतात आणि त्यात अनादर कोणालाच वाटत नाही. छापलेल्या कागदावर मात्र ते टिंब आदरार्थी अनेकवचनाचं आहे. प्रूफ हातात आलं की ‘जीं’वरचा ठिपका वेलांटीच्या रफारासारख्या वळणात बुडत तर नाही ना, तेवढं भिंगातून पाहून घ्या.

खामल्याहून: केलं. बियांच्या ‘बि’वर ऱ्हस्व की दीर्घ?

मुद्रितशोधक: एकटी ‘बी’ दीर्घ, ‘बिया’ ऱ्हस्व. बरोबर आहे.