व्यायल्यावर बसलेल्या गायीला काही पाजू नका
दादा, व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी गाय बसली तर गूळपाणी पाजा, असा सल्ला कुणी कुणी देतं. तेवढं मात्र करू नका. मान पोटाकडे वळलेली, कान गार, म्हणजे बहुधा दुग्धज्वर. नाव ज्वराचं, अंग मात्र थंड! या आजारात रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आणि ते उतरलं की गिळणंही मंदावतं, पाजलेलं फुफ्फुसात जातं. आमची एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय अशीच गेली.

आधी १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या मदत क्रमांकावर, फोन लावा. डॉक्टर येईपर्यंत तिला कुशीवर आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. छातीवर बसती ठेवून दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावा. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळूच, तीही डॉक्टरांनीच. घाईने सोडली तर हृदय थांबू शकतं. गाय उठली तरी त्या दिवशी कास पूर्ण पिळू नका.