मदत हवी आहे: देणगीत आलेल्या लॅपटॉपमधल्या एसएसडी नीट कशा पुसायच्या?

नमस्कार मंडळी. लोकांनी दिलेले जुने लॅपटॉप रिसायकलिंगला पाठवण्याआधी तयार करायचं काम मी स्वयंसेवक म्हणून करते. साध्या हार्ड डिस्कचं काही अडत नाही, पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली की झालं. घोडं अडतंय ते एसएसडीपाशी, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हपाशी. वेअर लेव्हलिंगमुळे (चिप सारखी झिजावी म्हणून ड्राइव्ह स्वतःच लिहिण्याची जागा बदलत राहतो) वरून कितीही लिहिलं तरी काही जुने ब्लॉक तसेच राहू शकतात. म्हणून एचडीपार्म या लिनक्सवरच्या टूलने सिक्युअर इरेज (ड्राइव्हला स्वतःलाच सगळं पुसायला सांगणारी कमांड) द्यायला जावं, तर ड्राइव्ह 'फ्रोझन' दाखवतो, म्हणजे ही कमांड घेतच नाही. लॅपटॉप स्लीपमध्ये घालून उठवला की बरेच सुटतात, पण काही अजिबात दाद देत नाहीत. अशा वेळी तुम्ही काय करता? ड्राइव्ह काढून यूएसबी अडॉप्टरला लावला तर ही कमांड भरवशाने पोहोचते का?

त्याहून अवघड म्हणजे स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं आणि वर बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड. तिथे बोर्डच नष्ट करायचा का? लोकांचे घरचे फोटो, बँकेचे कागद त्यात असतात. त्यांनी विश्वासाने दिलंय, त्यामुळे 'चालून जाईल' म्हणून सोडायचं नाही.

आणखी एक. टचपॅड वर उचललेला दिसला की बॅटरी फुगली असं धरून तो लॅपटॉप चालू न करता, चार्जरही न लावता बाजूला ठेवते. स्क्रूवर बसवलेली बॅटरी निघते. पण डिंकाने चिकटवलेली उचकटताना सेलला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. तुम्ही ती काढता, की लॅपटॉप तसाच वेगळी चिठ्ठी लावून रिसायकलरकडे देता?