खांद्याला स्टेरॉईड घ्यावं की पीआरपी? (रोटेटर कफ, पार्शल टेअर)

अनघा_क
नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ६४, शुगर आहे, गोळ्यांवर आहे, इन्सुलिन नाही. गेले काही महिने उजवा खांदा दुखतोय, कुठे पडली धडपडली नाही, हळूहळू आपोआपच सुरू झालं. दोरीवर कपडे टाकताना हात खांद्याच्या उंचीपर्यंत आला की जोरात कळ येते, अजून वर गेला की जरा बरं वाटतं म्हणते. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते त्यामुळे झोपेचे हाल. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस टेंडनला (रोटेटर कफ म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या टेंडनपैकी एक) पार्शल टेअर, म्हणजे अर्धवट फाटलंय, आणि बर्साला (टेंडनजवळची पाण्याची छोटी पिशवी) सूज असं आलंय. एक डॉक्टर म्हणाले स्टेरॉईडचं एक इंजेक्शन देऊ, मोकळं वाटेल. दुसरे म्हणाले स्टेरॉईडने टेंडन कुजतं, पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) करा, टेअर भरून येईल. दोघंही इतक्या खात्रीने बोलतात की आमचाच गोंधळ झालाय. ऑपरेशनचं सध्या कुणीच म्हणत नाहीये. कुणी घेतलंय का यातलं काही? आणि शुगरवाल्यांना स्टेरॉईड चालतं का?

निवांत_माणूस
मी स्टेरॉईड घेतलंय, बर्सामध्ये. सुईचं फार काही नाही, सोबत भूल असते त्यामुळे टेबलावरून उतरतानाच खांदा हलका वाटतो आणि आपण खूष होतो. पण भूल उतरली की त्या रात्री आधीपेक्षा जास्त ठणकतं, काही जणांना होतं असं, एकदोन दिवसांत जातं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून घाबरगुंडी उडाली होती. पुढे मात्र झोप मस्त लागायला लागली. काही आठवडे छान गेले मग हळूहळू दुखणं परत. व्यायामाचा एक कागदसुद्धा दिला नव्हता त्या क्लिनिकमध्ये, इंजेक्शन दिलं आणि या म्हणाले. नंतर फिजिओकडे गेलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तर इंजेक्शन वाईट नाही पण त्याच्यासोबत पुढे काय करायचं ते आधी विचारून घ्या.

फिजिओ_मीरा
अनघाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंजेक्शन मी देत नाही पण घेऊन आलेले पेशंट रोज बघते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक तपासून घ्या. आईचा हात तिने स्वतः उचलला तर अडतो, पण तुम्ही आधार देऊन हळूच उचलला तर पूर्ण वर जातो का? तसंच कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवता येतो का? दुसऱ्याने उचलूनही हात अडत असेल तर ती फ्रोझन शोल्डरची (सांधाच आखडलेला) केस असू शकते, शुगर असलेल्यांमध्ये ते बऱ्यापैकी दिसतं, आणि तिथे इंजेक्शनची जागा वेगळी असते, म्हणजे बर्सामध्ये नाही तर सांध्याच्या आत. तुम्ही लिहिलंय त्यावरून मधल्या पट्ट्यात कळ आणि वर गेल्यावर आराम, हे रोटेटर कफचंच वाटतंय, पण बघून खात्री करणं डॉक्टरांचं काम.

दुसरं, रिपोर्टमधला 'टेअर' शब्द वाचून लगेच घाबरू नका. साठीनंतर खांदा अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या सोनोग्राफीतसुद्धा कफला टेअर सापडतात. पार्शल म्हणजे जाड दोराचे काही पीळ उसवलेत पण दोर वजन घेतोय. त्यामुळे दुखणं सगळं त्या टेअरचंच असं नाही, बरंचसं सुजलेल्या बर्साचंही असतं आणि स्टेरॉईड नेमकं त्या सुजेवर काम करतं. टेअर जोडत नाही, तसा दावा कुणी करूही नये.

स्टेरॉईडचा फायदा किती टिकतो याचा ब्रिटनमध्ये मोठा ट्रायल झाला होता, ग्रास्प नावाचा, २०२१ साली लॅन्सेटमध्ये आला. ७०८ पेशंट. काहींना स्टेरॉईड दिलं, काहींना नाही, आणि सगळ्यांना एकतर फिजिओसोबत बरेच सेशन किंवा एकच सेशन नीट समजावून घरी करायचे व्यायाम. आठ आठवड्यांना इंजेक्शनवाले थोडे पुढे होते, वर्षभराचा हिशेब केला तर फरक उरला नाही. माझं म्हणणं असं की तेवढे आठवडे दुखणं कमी असताना व्यायाम सुरू करता येतो, झोप होते, हाच त्या इंजेक्शनचा उपयोग. रात्रभर जागून काढणाऱ्या पेशंटला मी व्यायाम शिकवला तरी दुसऱ्या दिवशी ती करत नाही हो, कारण हात हलवायचीच भीती बसलेली असते.

सुहास_डी
पीआरपीवाला मी. आपलंच रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवून प्लेटलेटवाला भाग वेगळा करतात आणि सोनोग्राफीवर बघत बघत टेंडनमध्ये सोडतात. पहिले काही दिवस स्टेरॉईडपेक्षा जास्त दुखतं हे लिहून ठेवा, आणि सूज कमी करणाऱ्या पेनकिलर (आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे) आधी आणि नंतर काही दिवस बंद ठेवायला सांगतात कारण त्यांचा प्लेटलेटच्या कामावर परिणाम होतो. पॅरासिटामॉलवर काढावे लागतात ते दिवस. मला फायदा झाला, पण सावकाश, दोनतीन महिन्यांनी जाणवायला लागला आणि मी तेव्हा व्यायामही नेटाने करत होतो त्यामुळे कशाने झालं ते देव जाणे.

बायोहॅक_राजू
स्टेरॉईड वगैरे जुनं झालं आता, स्टेम सेल करा डायरेक्ट, नवीन टेंडन तयार होतं, माझ्या ओळखीत एकाने केलंय १००% बरा

डॉ_अस्थिबोले
राजूभाऊ, असं छातीठोकपणे नका सांगू. खांद्यासाठी स्टेम सेलचं एकही प्रॉडक्ट अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजूर केलेलं नाही, आणि ओळखीतला बरा झाला हा पुरावा नव्हे. कुणी 'नवीन टेंडन उगवेल' म्हणून गळ घालत असेल तर तिथून उठावं.

अनघा, पीआरपीबद्दलही 'टेअर भरून येईल' हे आज ठामपणे सांगता येत नाही. एक अडचण अशी की पीआरपी म्हणजे ठराविक औषध नाही, प्रत्येक किटमध्ये प्लेटलेटचं प्रमाण वेगळं, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या यावर एकमत नाही, त्यामुळे एका अभ्यासात फायदा दिसतो तर दुसऱ्यात दिसत नाही. २०१३ मध्ये ४० पेशंटवर पीआरपी आणि साधं सलाईन यांची तुलना झाली होती, व्यायाम दोघांनाही दिला होता, वर्षभरानंतर फरक नव्हता. पुढच्या काही अभ्यासांत पीआरपी बरं दिसलं हेही खरं. म्हणून मी त्याला पहिला पर्याय म्हणत नाही, पार्शल टेअर आहे, व्यायाम नीट करूनही काही महिने दुखतंय, स्टेरॉईड द्यायला नको वाटतंय, अशा ठिकाणी विचार करायला हरकत नाही. हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन, ग्लुकोजचं इंजेक्शन (प्रोलोथेरपी) हेही ऐकाल, त्यांचा पुरावा आणखी पातळ.

आता शुगर. स्टेरॉईड चालतं, पण शुगर वाढते, साधारण पहिल्या एकदोन दिवसांतच आणि काही दिवस ते आठवडाभर चढी राहू शकते. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) बघूनच ठरवा, फारच चढी असेल तर आधी ती खाली आणू. इंजेक्शननंतर घरी ग्लुकोमीटरवर रोज तपासा, आणि आईच्या शुगरच्या डॉक्टरांना आधी फोन करा, गोळीचा डोस मनाने बदलू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगायचं, आपणहून बंद करायची नाही.

'टेंडन कुजतं' हे अगदी खोटं नाही पण अर्धं सांगितलंय. स्टेरॉईड थेट टेंडनमध्ये सोडलं किंवा वरचेवर घेतलं तर टेंडन कमजोर होतं, म्हणून ते बर्सामध्ये देतात आणि वर्षात तीनचारच्या वर जाऊ नये म्हणतात. मी तर दुसऱ्याच्या वेळीच थांबून विचार करतो की आपलं निदान बरोबर आहे ना. आणि पुढे ऑपरेशन लागेलसं वाटत असेल तर आधीच सांगा, कारण इंजेक्शननंतर महिन्याभरात ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो.

अजून एक, इंजेक्शनमधल्या भुलेचा आम्हाला फुकट फायदा होतो. दुखणं गेल्यावर तिथल्या तिथे हाताची ताकद तपासतो. दुखत नाहीये तरी हात उचलायला ताकदच येत नसेल तर टेअर रिपोर्टपेक्षा मोठा असू शकतो, मग एमआरआय.

अनघा_क
सगळ्यांचे खूप खूप आभार, डॉक्टर तुमचे विशेष. आत्ताच आईचा हात आधार देऊन उचलून बघितला, पूर्ण वर गेला, म्हणजे फ्रोझन नसावं. एचबीए१सी उद्या करतोय. दोन शंका राहिल्या: सोनोग्राफीवर बघूनच इंजेक्शन द्यायला पाहिजे का, आमच्या डॉक्टरांकडे ती सोय नाही. आणि मीराताई, आईला रोज फिजिओकडे नेणं मला नोकरीमुळे शक्य नाही, मग इंजेक्शन वाया जाईल का?

डॉ_अस्थिबोले
बर्सामधल्या स्टेरॉईडला सोनोग्राफी नसली तरी चालतं, हाताला जागा लावून दिलेलं आणि बघून दिलेलं यात पेशंटच्या दृष्टीने फारसा फरक आढळलेला नाही. पीआरपी टेंडनमध्येच जायला हवं, तिथे मात्र बघूनच. नंतर ताप, खांदा लाल गरम होणं, दुखणं उतरायच्या ऐवजी दिवसेंदिवस वाढत जाणं यातलं काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

फिजिओ_मीरा
वाया कशाला जाईल. मघाच्या त्याच ट्रायलमध्ये एकाच सेशनला शिकून घरी करणारे आणि वरचेवर फिजिओकडे येणारे, वर्षअखेरीस सारखेच निघाले (आमच्या धंद्याला हे फारसं सोयीचं नाही, पण आहे ते आहे). एकदा चांगलं शिकून घ्या, मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा. पहिले एकदोन दिवस जड उचलायचं नाही, हात डोक्यावर ताणायचा नाही. मग हात लोंबता सोडून हलके झोके, भिंतीला हाताची मूठ टेकवून जागच्या जागी जोर, आणि आठवड्याभराने रबरी पट्टा, सगळ्यात मऊ रंगाचा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण रात्री झोप मोडण्याइतकं वाढलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. निदान बारा आठवडे धरून चाला. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी द्या, पाठीवर झोपल्या तरी. एचबीए१सी आली की इथेच टाका.