मदत हवी आहे: भाच्याची पिंजऱ्यातली फाइट, परवानगी नक्की कोण देतं?

मंडळी नमस्कार, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ताईचा मुलगा, वय 17, बारावीला. दीड वर्ष घराजवळच्या जिममध्ये किकबॉक्सिंग आणि आता एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र असलेला खेळ) शिकतोय. पोरगं सुधारलं, सहाला उठतं, मोबाईल कमी झाला, म्हणून आम्ही कोणी काही बोललो नाही. आता पुढच्या रविवारी पहिली फाइट. कुठे, तर एका मंगल कार्यालयात! नवरानवरी उभे राहतात तिथे पिंजरा लावणार, तिकीटही ठेवलंय.

परवा ताईने व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला, सही करू का म्हणून. दुखापत झाली, मृत्यू झाला तरी आयोजक जबाबदार नाहीत, एवढंच सार. दाजी म्हणतात शाळेच्या ट्रिपलाही असाच फॉर्म असतो, उगाच घाबरू नका.

मी मारामारीच्या खेळाविरुद्ध नाहीये, आमचे आजोबा तालमीतले, कान मोडलेले. पण कुस्तीत जोड लावताना वस्ताद दोन्ही पोरं नजरेने तोलायचे. इथे समोरचा किती वर्षांचा, आधी किती फाइट खेळलाय हे कोचलाच माहीत नाही, "वजन सेम आहे मामा" एवढंच उत्तर. त्यात तीन किलो उतरवायचेत म्हणून कार्टं प्लॅस्टिकचा सूट घालून गच्चीवर पळतंय आणि शेवटचे दोन दिवस पाणी बंद करणार म्हणे.

नेटवर शोधलं तर बंगळुरूची जुलै 2022 ची बातमी मिळाली, के-वन प्रकारच्या किकबॉक्सिंगच्या मॅचमध्ये म्हैसूरचा 23 वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागून गेला, जागेवर वैद्यकीय सोय नव्हती असा वडिलांचा आरोप. तेव्हापासून झोप नाही. तर अशा इव्हेंटला सरकारतर्फे कोणी तपासायला येतं का, आणि त्या फॉर्मवर सही केली तर खरंच सगळे हात वर करून मोकळे होतात का?

प्रतिसाद १
वकिली करतो, पण इथलं वाचून निर्णय घेऊ नका, कागद कुणाला तरी दाखवा. भारतीय न्याय संहितेचं कलम 25 बघा (जुन्या दंडविधानातलं 87). संमतीने खेळताना इजा झाली तर गुन्हा नाही, उदाहरण तलवारबाजीचं दिलंय. पण संमती देणारा 18 च्या वरचा हवा, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता माहीत असेल तर ते कलम उपयोगाचं नाही. तुमचा भाचा 17 चा! आणि निष्काळजीपणाने जीव गेला तर कलम 106 आहेच, ते कुठल्या फॉर्मने पुसलं जात नाही.

प्रतिसाद २
न्यू जर्सीत राहते, नवऱ्याला या फाइट्सचं वेड. इकडे राज्याचं कमिशन म्हणजे फाइट्सवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ असतं, त्यांच्या लायसन्सशिवाय प्रोफेशनल फाइट होत नाही, आधी मेडिकल, नॉकआउट झाला की ठरावीक दिवस सक्तीची सुट्टी. न्यूयॉर्कने तर 1997 ला एमएमएवर बंदी घातली ती 2016 ला उठवली. पण कमिशन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 2013 मध्ये तिथेच मागोमेद अब्दुसलामोव्ह नावाचा बॉक्सर मॅचनंतर टॅक्सीने हॉस्पिटलला गेला, मेंदूत रक्त साकळलेलं, कायमचा अपंग झाला. 2017 ला राज्याला 2 कोटी 20 लाख डॉलर मोजावे लागले.

प्रतिसाद ३
आपल्याकडे असं कमिशन नाही मामा. किकबॉक्सिंगला वाको इंडिया ही केंद्राची मान्यता असलेली फेडरेशन आहे, पण खासगी पिंजरावाल्यांना त्यांच्याकडे जायची सक्ती कुठे आहे? तिकीट लावलंय ना, मग पोलीस स्टेशनला जाऊन परवानगी घेतलीय का ते विचारा, आणि आयोजकाकडे डॉक्टरचं नाव मागा. ॲम्ब्युलन्स "ऑन कॉल" सांगितली तर नाही समजायचं, दारात उभी पाहिजे. पाणी तोडणं मात्र आजच थांबवा. 2015 ला मनिलात वन चॅम्पियनशिप या फाइट्स भरवणाऱ्या कंपनीच्या फाइटआधी वजन उतरवताना एक चिनी फायटर गेला, त्यानंतर त्यांनी असं पाणी तोडून वजन उतरवणंच बंद केलं, शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते लघवी तपासून बघतात. सुकलेल्या शरीराला डोक्यावरचा मार जास्त बाधतो. वरच्या वजनगटात खेळू दे, हरला तर हरला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. दुपारी आयोजकाला फोन केला. डॉक्टर कोण विचारलं तर म्हणाला "आमचे फिजिओ आहेत ना". ॲम्ब्युलन्स? ऑन कॉल. पोलीस परवानगी? "हॉलवाले बघतात". हॉलवाल्याला विचारलं, तो म्हणतो मला बर्थडे पार्टी सांगितलीय.

ताईने फॉर्म फाडला. भाचा माझ्याशी बोलत नाहीये, पण निदान पाणी पितोय. कोचला सांगितलंय, डॉक्टर आणि परवानगीचा कागद दाखव, मी स्वतः पोराला घेऊन येतो. अजून तरी फोन नाही आला.